बसलेला आवाज

ट्राम लालबागच्या नाक्यावरून हलली आणि अंबिकेने कंडक्टरला ऐटीत फर्मावलं, "वन टिकेट प्लीज. गिरगाव!"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. "सिंगसाँग..."

अंबिका गर्रकन वळली. "शिवी दिलीत?"

"छे हो!" चष्मेवाला तरुण गडबडला. "असं हेल काढत, वर-खाली बोलण्याला इंग्रजीत तसं म्हणतात."

"अस्सं? आणि तुम्ही हे तोंडातल्या तोंडात बोलताय, त्याला?"

"मंबल," तो म्हणाला, तेही तोंडातल्या तोंडातच. मग दोघंही हसली. तिथेच सगळं बिघडलं... किंवा जुळलं म्हणा.

त्याचं नाव शरच्चंद्र. गिरगावातल्या जुन्या, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घराण्यातला. ठाकूरद्वारला शनिवारी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्यायचा. अंबिकेचे वडील कुशाबा गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले. टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं होतं, आणि तिथे परीक्षा होती ती आवाजाची. नोकरी लागली तर मुंबई. नाहीतर मालवणकडचं एक स्थळ तयारच होतं. त्या स्थळाचं नाव निघालं की ती घागर उचलून नळावर पळायची.

ती वर्गाला जाऊ लागली. वर्ग सुटला की मास्तर तिला ट्रामपर्यंत सोडायला यायचे, आणि खरी शिकवणी वाटेतच व्हायची.

"तो पेन्शनर?"

"नाकात बोलतोय. नेझल."

"ती फुलवाली?"

"शब्द ओढत्येय... ड्रॉल!"

"शाबास. आणि हा वाणी?"

"तुकडे पाडून बोलतो. क्लिप्ड." ती थांबली. "आणि माझ्या नावात तुम्ही तो 'बि' इतका हळू म्हणता, त्याला काय म्हणतात हो?"

मास्तर एकदम समोरच्या पाट्या वाचू लागले.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी त्यांनी तंबी दिली, "आता ओरडायचं नाही. हळद-दूध घ्या आणि गप्प बसा."

पण रविवारी परळला मोर्चा होता, आणि घरी कुशाबांनी हाक दिली, "अंबिके, बायकांत पुढे रव. तुझ्यासारखो गळो कोणाचो आसा?"

अंबिका क्षणभर घुटमळली. मालवणचं स्थळ डोळ्यांपुढे आलं. पण मुंबई मागायची, ती काय हळद-दूध पिऊन? तिने पदर खोचला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." ती म्हणे, आणि हजार तोंडं उत्तर देत, "झालाच पाहिजे!"

सोमवारी सकाळी घशातून नुसता वारा निघत होता.

टेलिफोन कचेरीच्या दारात शरच्चंद्र ज्येष्ठमधाची पुडी घेऊन उभा होता. तिचा आवाज ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "काय केलंत हे! ह्याला हस्की म्हणतात."

"चांगलं की वाईट?"

"ते... ऐकणाऱ्यावर आहे."

"ऐकताय तर तुम्हीच," ती म्हणाली आणि आत गेली.

तारेच्या दुसऱ्या टोकाला एक अधिकारी बाई होत्या. आवाज नव्हता, तेव्हा अंबिकेने सगळी भिस्त ओठांवर आणि जिभेवर ठेवली. एकेक आकडा, एकेक नाव सुटं, स्वच्छ. शेवटी बाईंनी विचारलं, "घसा कशाने बसला?"

सर्दी म्हणता आलं असतं. सरकारी खातं, सरकारी बाई!

"मोर्चात घोषणा दिल्या, बाई."

तारेपलीकडे टाक कागदावर कुरकुरला.

"उच्चार चोख आहेत. घसा सुटला की रुजू व्हा."

ती धावतच बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच त्याला कळलं.

"मग ते मालवणचं स्थळ...?"

"बारगळलं."

"मग... म्हणजे मी... जर का..."

"मास्तर, आज माझा आवाज काही चढणार नाही. तुम्हालाच स्पष्ट बोलावं लागेल."

शरच्चंद्राने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि ट्रामसाठी थांबलेली अख्खी रांग वळून बघेल इतक्या मोठ्याने विचारलं, "अंबिका, माझ्याशी लग्न करशील?"

तिचे डोळे भरून आले.

"पण घरी वादळ होईल," तो घाईने म्हणाला. "गिरणी, लालबाग... आमच्याकडे कुणी सहजासहजी हो म्हणणार नाही."

अंबिकेने ज्येष्ठमधाची काडी गालात सरकवली. "अहो, अख्खं राज्य भांडून मागत्येय मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "एक सासर काय मोठं!"