पारोशा तोंडाने

रसिका त्या हॉलमध्ये चुकूनच शिरली. जवळच्या इंद्रलोक वस्तीतल्या एका सोसायटीत बीपी तपासणीचं शिबिर आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आत बघते तर वीस-पंचवीस माणसं डोळे मिटून गप्प बसलेली, आणि एक उंच मुलगा हातात ट्रे घेऊन अनवाणी फिरतोय.

"शिबिर गेल्या रविवारी झालं," तो कुजबुजला. "पण आलाच आहात तर... बसा ना."

"बसून काय करायचं?"

"काहीच नाही. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघायचं."

काहीच नाही! शांती नगरच्या घरी लकव्याने अंथरुणाला खिळलेले वडील, त्यांची औषधं, डायपर, वर ऑफिस... काहीच न करण्याची सवय रसिकाला राहिली होती कुठे? ती बसली आणि थोड्याच वेळात डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या मुलाने काही विचारलं नाही, फक्त तिच्या डोक्यावरचा पंखा मंद केला. झालं! पोरगी तिथेच फसली.

त्याचं नाव निहार. ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, आणि ते थुंकीत मोजता येतं. रोज असं शांत बसून ते उतरतं का, याचा अभ्यास त्याची संस्था करत होती. सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, कापसाची गुंडाळी चावायची, थुंकीसकट नळीत घालायची आणि ती नळी रविवारी आणून द्यायची. रसिकाने लगेच नाव घातलं. शेजारच्या विमलाबाई रविवारी पंढरीनाथांपाशी, म्हणजे तिच्या वडिलांपाशी, बसायला तयार झाल्या. आठवड्यातला तेवढाच वेळ रसिकाचा स्वतःचा होता. तो गेला तर आपण संपलो, असं तिला खरंच वाटायचं.

आणि त्या वेळात निहार होता. नळी देताना बोटांना बोटं लागायची... दोघंही ती काढून घ्यायला जरा उशीरच करायचे.

"आज डोळे उघडे होते तुमचे," तो म्हणायचा.

"तुम्हाला दिसले, म्हणजे तुमचेही उघडेच होते."

"माझं काम आहे ते."

"काय? माझ्याकडे बघणं?"

"सगळ्यांकडे..." म्हणता म्हणता त्याचे कान लाल व्हायचे.

अभ्यासाच्या शेवटच्या रविवारी बाहेर रिमझिम होती. सगळे गेल्यावर निहारने तिला जिन्यापाशी थांबवलं. चेहरा उतरलेला.

"मॅडम, नळ्या तोंड न धुता भरत होतात ना?"

रसिका छत्रीचा पट्टा सोडवायला लागली.

"तुमचे सगळे नमुने बाद झाले. टूथपेस्ट, हिरड्यांचं रक्त... एकाला तर चक्क वेलचीचा वास! किती वेळा सांगितलं होतं मी."

"मग काय पारोशा तोंडाची थुंकी तुमच्या हातात देऊ?" ती एकदम उसळली. "दुसऱ्या कुणाला दिलीही असती हो. तुम्हाला... कशी देणार?"

निहार हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याला कळलं होतं.

"माझं कॉर्टिसॉल उतरलं का पण?" तिने हळूच विचारलं.

"ते आता कळायचं नाही. तुम्ही अभ्यासातून बाहेर."

आपण जरा बऱ्या झालोय, एवढं कुणीतरी सांगावं, म्हणून तर ती आस लावून बसली होती.

"एक बरं झालं," निहार म्हणाला. "अभ्यासातल्या माणसाशी आम्हाला काही... बोलता येत नाही. नियम आहे. आता येतं. मला तू आवडतेस, रसिका. खूप."

तिला इतका आनंद झाला, की ती भर जिन्यात मोठ्याने हसली.

"पुढच्या महिन्यात मी जर्मनीला जातोय. तीन वर्षं. लग्न करून जाऊया?"

"आणि बाबा?"

मी जात नाही, असं काही तो म्हणाला नाही. तिनेही ते मागितलं नाही. उगाच कशाला दोष द्यायचा? एवढं मोठं मन कुणाचं असतं!

"मग मी थांबेन तुझ्यासाठी," तो म्हणाला. "कितीही वर्षं."

"कशाची वाट बघत, निहार? माझे बाबा जायची? तू तिकडे, मी इकडे... दोघांनी मिळून त्यांच्या मरणाची वाट बघायची? नको. नाही थांबायचंस तू."

त्याने तिचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवला आणि मागे वळून न बघता रिक्षात बसली. श्वास येतोय, जातोय, एवढं बघायचं होतं फक्त. नाही जमलं. ती वाटभर हमसाहमशी रडली.

"उशीर केलास गो," म्हणत विमलाबाई घरी गेल्या. रसिकाने तोंड धुतलं, मऊ भात कालवला आणि वडिलांना टेकवून बसवलं. तिला बघून पंढरीनाथ अर्ध्या ओठांनी हसले. तिने घास पुढे केला, आणि तिच्या मनात आलंच... अजून किती वर्षं?

घास मध्येच राहिला. ज्या विचाराच्या भीतीने निहारला नाही म्हटलं, तो तर आधीच घरात येऊन बसला होता. वडील तोंड उघडून वाट बघत होते.

"घ्या बाबा," ती म्हणाली, "अजून एक घास."