खिडकीजवळची खाट

प्रेमात पडलेल्या माणसाला जगातली कुठलीही ताकद अडवू शकत नाही. घड्याळजींना मात्र सलाइनच्या नळीने अडवलं. ती जेमतेम दीड हात लांब, आणि शेजारची खाट दोन हातांवर.

त्या खाटेवर चित्रकलेच्या बाई होत्या. दोघांचाही रक्ताचा कर्करोग सगळे उपचार पचवून परत आलेला. म्हणून दोघं नव्या प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडी औषधाच्या, चाचणीत. या औषधाचं काम लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखं. एका हाताने रोगट पेशी धरायची, दुसऱ्याने शरीरातली लढाऊ पेशी, आणि दोघींची गाठ घालून द्यायची. पुढचं लढाऊ पेशी बघून घ्यायची. कधीकधी मात्र औषध मेंदूवर जायचं. म्हणून दर डोसच्या आधी सिस्टर प्रत्येकाकडून त्याचं पहिल्या दिवशीचंच वाक्य लिहून घेत. अक्षर बिघडलं की डोस बंद. आणि घड्याळजींसाठी दुसरं औषध उरलं नव्हतं.

त्यांचं वाक्य होतं, ‘माझं घड्याळ बरोबर चालतं.’ बाईंचं, ‘खिडकीजवळची खाट मला हवी होती.’

खिडकीजवळ घड्याळजी.

“घ्या की मग खाट,” ते म्हणाले होते.

“नको. मग मी लिहू काय?”

आठ आठवडे हे भांडण गोडीत चाललं. बाईंनी त्यांचं घोरतानाचं चित्र काढलं. त्यांनी बाईंचं घड्याळ दुरुस्त केलं. पुन्हा दाखवायला लागेल, इतपतच.

आज अहवाल आले. दोघांच्याही अस्थिमज्जेत रोगट पेशी सापडल्या नाहीत. डॉक्टरांनी चक्क शीळ घातली. मग म्हणाले, आता डोस महिन्यातून एकदाच… घड्याळजी सोमवारी, बाई गुरुवारी.

घड्याळजींनी बोटांवर सोमवार ते गुरुवार मोजले.

सिस्टरांनी कागद पुढे केला. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात लटपटला. वाक्य वेगळं, अक्षर वाकडं. सिस्टरांनी डोस थांबवून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, शंभरापासून दहादहाने उलटं मोजायला लावलं, आणि कागद मोठ्याने वाचला: ‘मला गुरुवारी यायचंय… बाईंच्या शेजारी.’

डॉक्टरांनी घड्याळजींकडे पाहिलं.

“हात का थरथरला?”

“बाई बघत होत्या… म्हणून.”

डॉक्टरांनी जुनं वाक्य लिहायला लावलं. छापल्यासारखं उमटलं. डोस सुरू झाला.

बाई खिडकीकडे बघत होत्या. वाटेत घड्याळजी येत होतेच. बाईंनी पेन घेतलं. लिहिलं… ‘गुरुवारी या. खाट मात्र—’

सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

“बाई, तुम्ही तरी जुनंच वाक्य लिहा हो.”