जांभळ्या कापडाखालचं

करर्र... करर्र...

सामसूम दुपारी पाळण्याची कडी कुरकुरली.

पाळणा रिकामा होता. खिडक्याही बंद होत्या.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या घरात घडलंय. गेल्या वर्षी, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. ताई आजही पाळण्याकडे पाठ करून बसत नाही.

तिला दिवस गेले होते. आधीचं बाळ पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला सगळं घर जीव मुठीत धरून होतं. तिच्या सासूबाईंनी नवस बोलला होता. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत गावोगावच्या जुन्या चर्चमध्ये जायचं, प्रत्येक ठिकाणी मेणबत्ती लावायची.

त्या सकाळी शेवटचं चर्च होतं. दगडी, थंडगार. त्या दिवसांत मूर्ती जांभळ्या कापडाने झाकून ठेवतात. सासूबाईंनी ताईच्या लेकीला, चिमणीला, बजावलं, "झाकलेलं उघडायचं नाही हं. हात शिवशिवले तर खिशात घाल."

"मला खिसाच नाहीये, आज्जी!"

ताईला हसू फुटलं. ती मेणबत्ती लावायला वाकली. वात काही केल्या पेट घेईना...

"आई, गुदमरतंय गं त्याला!"

ताई गर्रकन वळली. कोपऱ्यातल्या बुटक्या चौथऱ्यापाशी चिमणीने कापडाचं टोक वर धरलं होतं.

आत काहीच नव्हतं.

तरी वरून कापड तसंच उभं होतं... इवलंसं डोकं, इवलेसे खांदे.

मग ते सावकाश खाली बसलं.

झाडलोट करणाऱ्या मावशींचा झाडू थांबला. "तिथली बाळाची मूर्ती कधीच फुटली, पोरी. रिकाम्या चौथऱ्यावर आम्ही कापड घालतच नाही."

सासूबाईंनी दोघींना ओढतच बाहेर आणलं. पण घरापर्यंत चिमणीचा एक हात अधांतरीच होता... कुणाला तरी धरून चालवावं तसा.

आणि आता हा पाळणा.

ताई दारातच थिजली. हात आपसूक पोटावर गेला. सकाळपासून आत काहीच हललं नव्हतं.

तेवढ्यात आतून एक लाथ बसली. चांगली जोरात.

ताईचा जीव भांड्यात पडला. ती रडता रडता हसली.

पाळण्याशेजारी बसलेल्या चिमणीने तोंडावर बोट ठेवलं.

"शूऽऽ! बाळ आत्ताच झोपलंय."

मग तिने ताईच्या पोटाकडे निरखून पाहिलं.

"आई... तुझ्या पोटात कोण आहे मग?"