हजेरीची कळ

हिवरटेकात सकाळी शाळेच्या हजेरीच्या सुमाराला कुणी दाढीला बसत नसे. त्या वेळी केशव न्हाव्याच्या पोटात कळ येई, आणि वस्तऱ्याला कळ कळत नाही.

कळ एकट्या केशवची नव्हती, आख्ख्या गावाची होती. शाळेत पोरं एकमेकांना छळतात, शिक्षक एकटे कुठंकुठं बघणार, म्हणून गावानंच बघावं असा ग्रामसभेचा ठराव झाला होता. तेव्हापासून प्रत्येक पोराच्या कॉलरला एक संवेदक बटण आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या मनगटाला 'कळपट्टी' आली. पोर दुखावलं की बटण त्याची धडधड ओळखी आणि ते दुःख गावभर सारखं वाटून टाकी. वाट्याला येई चिमूटभरच, पण येई. महिन्याभरात डबे पळवणं, ढकलाढकली सगळं थांबलं. उरली ती ही सकाळची कळ.

ती कुणाची, हे तिसरीच्या यामिनीबाईंना ठाऊक होतं. ओवीची. तिचे वडील वनखात्यातले, यंदाच बदलून आलेले. ओवी हल्ली हजेरीला 'हजर' म्हणतच नसे. वडील आता पुन्हा बदली मागणार होते. पण तिला छळतंय कोण? बाई रोज वर्गभर नजर फिरवत. वर्ग चिडीचूप.

"उद्या आम्हीच मागच्या बाकावर बसतो," सरपंच तात्या म्हणाले. "गुन्हेगार सापडला म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी तात्या आणि डेअरीवाल्या शकूमावशी गुडघे हनुवटीला टेकवून तिसरीत बसले. हजेरी सुरू झाली. रीतीप्रमाणे आडनाव आधी, नाव मागून.

"खोत अर्णव."

"हजर."

"गाढवे…" बाई किंचित थांबल्या. रोजच थांबत. "…ओवी."

"अगं बाई, खरंच गाढवे?" शकूमावशी पुटपुटल्या.

"म्हणजे दप्तराच्या ओझ्याची चिंता मिटली," तात्या म्हणाले आणि तोंडात रुमाल कोंबून फुसफुसले.

पुढच्याच क्षणी दोघांनी पोट धरलं. बाहेर डेअरीत दुधाचा कॅन आडवा झाल्याचा आवाज आला.

"कोण होतं रे ते?" तात्या वर्गावर गरजले.

पोरं त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. एकही हसलं नव्हतं.

'गाढवे' म्हणून थांबताना आपले ओठ एका कोपऱ्यात वर जातात, हे यामिनीबाईंना आज पहिल्यांदा जाणवलं होतं. कळ आली की त्या रोज वर्गाकडे बघत. फळ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतंच म्हटलं, "ओवी."

कळ आली नाही. चौकात केशवनं आनंदानं एका गिऱ्हाइकाला फेस लावला.

ओवी मात्र उभी राहिली. "बाई, बाकीच्यांचं आडनाव घेतलंत."

"तुला वाईट वाटतं ना गं."

"आडनावाचं नाही वाटत. ते आमच्या आजोबांचं आहे." तिनं जरा विचार केला. "पूर्ण म्हणा. मध्ये न थांबता. मग म्हणते मी हजर."

बाईंनी श्वास घेतला. खिडकीबाहेर रेंगाळणाऱ्या तात्यांनी दात घट्ट आवळले. चौकात केशवचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर टेकला होता.

बाईंच्या ओठांचा कोपरा थरथरला.

"बाई," ओवीनं जवळजवळ दयेनं विचारलं, "जमेल ना?"