गच्चीवरची वीजगळती

दुपारचे बारा वाजत होते. भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, खासगी तपासनीस वसुधा केळकर यांच्यासमोर बसलेल्या तरुणाने पाण्याच्या ग्लासालाही हात लावला नव्हता.

"आज चार वाजता सभा आहे. त्यात मला काढणार," तो म्हणाला.

तो कौस्तुभ देशकर, पिपरखेडीच्या सहकारी वीज संस्थेचा इंजिनिअर. संस्थेच्या गच्चीवर त्याने हट्टाने सौर पॅनल बसवून घेतले होते. त्या विजेवर गावाची पिठाची गिरणी चाले. गेले पंधरा दिवस मात्र दहा ते एक वीज निम्म्यावर येई, गिरणी बंद पडे आणि सारं गाव कौस्तुभच्या नावाने बोटं मोडी.

"पॅनल बिघडले असतील," नीळकंठराव म्हणाले. हे वसुधाताईंचे धाकटे दीर. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अवधपुरीच्या घरी त्यांना करमेना, म्हणून वहिनींची गाडी चालवायला येत. गाडी ते झकास चालवीत. डोकं मात्र दुसऱ्या गिअरच्या वर जात नसे.

"कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. सगळं ठीक म्हणाला."

"किती वाजता आला होता?" वसुधाताईंनी विचारलं.

"तीनला. सकाळी मला भोपाळला काम असतं, दोनपर्यंत परततो."

"वीज रोज घटते?"

"मागच्या मंगळवारी, बुधवारी नाही घटली. हलकं आभाळ होतं, तरी गिरणी चालली."

"ऊन नसलं की वीज ठीक? ही तर उलटी गंगा!" नीळकंठरावांनी कपाळाला हात लावला.

वसुधाताई उठल्या. "भावजी, गाडी काढा."

दीड वाजता तिघं गच्चीवर होते. चाळीस पॅनल, चार ओळी. दोन ओळींवर धुळीची साय, दोन आरशासारख्या लखलखीत. लखलखीत ओळींच्या चौकटींना सुतळीच्या गाठी होत्या.

"पतंग अडकला असेल," नीळकंठराव म्हणाले.

"प्रत्येक चौकटीला एकेक?"

गच्चीच्या कुलपाच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या: लाइनमन, संस्थेचे अध्यक्ष आणि कौस्तुभ. म्हणून आधी लाइनमन प्रतीकचं घर.

"मी सकाळभर मीटर वाचत हिंडतो, ताई. किल्ली घरी खुंटीला," प्रतीक म्हणाला. त्याच्या बायकोने चहाबरोबर तळलेली कुरडई आणली. नीळकंठरावांनी चार खाल्ल्या.

अध्यक्ष कमल मालवीय तापलेले होते. "मॅडम, ह्या सोलरवर माझा पहिल्यापासून भरोसा नव्हता! मी सकाळी खेतावर असतो, चाबी घरी टांगलेली. मी कशाला वर जाऊ?"

इथेही कुरडई आली. "वा! मालवी घरात आपली मराठी कुरडई?" नीळकंठराव खूश झाले.

"बायको कुठून शिकली, राम जाणे," मालवीय गुरगुरले.

शेवटी कौस्तुभचं घर. त्याची किल्लीही खुंटीलाच होती, आणि त्याची बायको मंजूषा हिने पुढे ठेवली तीही कुरडईच.

"वहिनी, तिन्ही घरची चव एकच हो!" नीळकंठराव तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "आणि गावात एवढी धूळ, पण दाताखाली वाळूचा कण नाही. आमच्याकडची कशी कचकचते!"

वसुधाताईंनी कप खाली ठेवला. "भावजी, आज तपास तुम्ही लावलात."

त्या कोणाला म्हणाल्या ते पाहायला नीळकंठरावांनी मागे वळून पाहिलं.

चार वाजता सभागृह गच्च भरलं. बायाही झाडून आल्या होत्या. मालवीय ठराव वाचणार, तोच वसुधाताई उभ्या राहिल्या.

"पॅनल ठणठणीत आहेत. बिघाड कधी आभाळ बघून सुट्टी घेत नाही. ढगाळ दिवशी बंद राहतं असं काम एकच, वाळवण! चारातल्या दोन ओळी रोज पुसायच्या, वर जुनी लुगडी ताणून सुतळीने बांधायची आणि कुरडया घालायच्या. निम्मे पॅनल झाकले, निम्मी वीज गेली. रोज पुसलेली काच, म्हणून कुरडई कचकचत नाही. दुपारी वारा सुटायच्या आत सगळं खाली. कुलूप शाबूत आहे. किल्ल्या तीन घरांत, तिन्ही घरचे पुरुष सकाळी बाहेर, आणि तिन्ही घरांत कुरडई एकाच हातची."

"नाव सांगा! कोणी केलं?" मालवीय गरजले.

"मी," मंजूषा उभी राहिली. "ह्यांनीच वीजबचतीच्या शिबिरात सांगितलं होतं, ऊन फुकट आहे, वाया घालवू नका. म्हटलं, वर एवढी काच नुसती तापतेय. दोनच ओळी घेतल्या, बाकीच्या ह्यांच्यासाठी ठेवल्या. गिरणी बंद पडते ते ऐकलं होतं, पण मला वाटलं, मशीनच बिघडलं असेल."

"और मैं भी थी," मालवीयांच्या शेजारून त्यांच्या बायकोचा, अपर्णाबाईंचा, आवाज आला. मागे लाइनमनची बायकोही उठली.

मालवीयांनी बायकोकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. "ठराव मागे घेतो," ते हळूच म्हणाले. अपर्णाबाई अजून उभ्याच होत्या.

नोकरी वाचली म्हणून कौस्तुभला हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला. "मंजू, पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही! आज नोकरी जाणार होती माझी!"

मंजूषाचे डोळे भरले. "नोकरी जाणार, हे मी आत्ता ऐकतेय! मला वाटलं, माझ्या हातचं जेवण नकोसं झालं. कंपनीला विचारलंत, भोपाळहून डिटेक्टिव्ह आणल्यात. घरात एकदा तोंड उघडलं असतंत, तर त्याच दिवशी सगळं खाली आणलं असतं मी."

सभेतल्या झाडून साऱ्या बायांनी माना डोलावल्या. इंजिनिअरसाहेबांनी भर सभेत दोन्ही कान धरले.