पुढच्या अंकाला सांगतो

शहागंजातल्या कापडाच्या दुकानासमोर एक मुलगी गोकुळच्या जुन्या स्कूटरकडं टक लावून उभी होती. तो हातातल्या कात्रीसकट बाहेर धावला.

"मॅडम, गाडी आडवी लागली का? काढतो."

"नको ना! नंबर बघतेय." तिनं ओढणीनं ७३९३ वरची धूळ पुसली. "मूळ संख्या आहे ही. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. आता शेवटचा तीन झाका."

त्यानं तळहात ठेवला. ७३९.

"हीसुद्धा मूळ. नऊ झाका... ७३, तीही. मग नुसता सात. तोही!"

"आमच्याकडं कापत गेलं की शेवटी चिंधी उरती."

ती हसली — आणि बाजारातला गोंगाट क्षणभर कुठं गेला, कुणास ठाऊक.

तिचं नाव तनुजा. मुकुंदवाडीची, विद्यापीठात गणित शिकत होती. ही संख्या उजवीकडं एकेक अंक लावत अजून वाढते आणि तरी मूळच राहते, म्हणाली. पण एका भेटीत एकच अंक सांगणार.

"लई कंजूष आहात!"

"सगळे आजच सांगितले तर भेटायला कोण येईल?" म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

नऊ कळला चहाच्या टपरीवर. एक, मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर, भुरभुर पावसात, एका छत्रीखाली. तीन तिनं त्याच्या तळहातावर बोटानं काढला... आणि बोट तिथंच राहिलं.

"तुम्हाला काही बोलायचंय?" दर वेळी ती विचारायची.

ओठांवर यायचं. पण बारावीत शिक्षण सुटलेला, कापड फाडणारा आपण... "पुढच्या अंकाला सांगतो," तो म्हणायचा. मूळ संख्या कधी संपतच नाहीत, असं तिनंच सांगितलं होतं. मग घाई कसली?

पुढच्या भेटीला ती दुकानासमोरच आली. रिक्षा थांबवून ठेवली होती.

"तीन," ती हळू म्हणाली. "७३९३९१३३."

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही."

"असं कसं? संपत नाहीत म्हणाली होतीस तू!" पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' निघालं.

"मूळ संख्या संपत नाहीत. ही संपते. हिच्यापुढं कुठलाही अंक लावा... भाग जातोच." तिनं मान फिरवली. "घरच्यांना दोनदा थांबवलं, गोकुळ. काल स्थळाला होकार दिला. वाटलं होतं, एवढ्या अंकांत तुम्ही बोलाल."

"तनुजा, मी आजच—"

"नाही." ती हसली, डोळे मात्र भरले होते. "तुम्ही पुढच्या अंकाला सांगणार होतात."

रिक्षा गर्दीत मिसळली. गोकुळ स्कूटरपुढं उकिडवा बसला. तळहातानं शेवटचा तीन झाकला. मग नऊ. मग आधीचा तीन. सात उरला, एकटा.

"गोकुळ! गिऱ्हाईक आलंय!" आतून शेठजींची हाक आली.

"आलो," तो म्हणाला. पण हात काढला की सगळे अंक पुन्हा दिसले असते... तो तसाच बसून राहिला.