थेंबाचा आवाज कुठे गेला?

“असं नव्हतं ते! थांबा, मीच दाखवतो!” बटाट्या पलंगावर चढला. छाती फुगवून त्याने घोगरा आवाज काढला, “घाबरू नकोस, थेंबा! मी सगळं पाहतोय!” मग टुणकन बाजूला उडी मारून त्याने मासोळीसारखी तोंडाची नुसती उघडझाप केली. आवाज मात्र नाही!

“हे काय रे? थेंबाची दातखीळ बसली की काय?” लांबू पोट धरून हसला.

“तो काल असंच करत होता! पूर्ण भागभर!”

भिंगरी हसली नाही. धाकट्या भावाची नक्कल करण्याची हातोटी तिला ठाऊक होती. तो तिखटमीठ लावत असे, पण पाहिलेले विसरत नसे.

सुट्टीत ही तीन भावंडे मावशीकडे धावत आली होती ती थेंबासाठीच. महामेघ हा कार्टून मालिकेतला ढगावर स्वार होणारा महावीर आणि थेंब हा त्याचा चिमुकला साथीदार. महामेघाने मोठ्या बाता मारायच्या आणि थेंबाने त्यांतली हवा काढायची! पडद्यावरच्या त्या खट्याळ पोराचा आवाज होता चाळिशीतल्या मावशीचा.

काल स्टुडिओने परिसरातल्या लहान मुलांना नवा भाग दाखवला होता. “तुम्ही आता घोडे झालात,” असे म्हणून थोरल्या दोघांना घरी बसवण्यात आले होते. मुले कुठे हसतात, हे मावशीसकट मोठी माणसे मागच्या काचेच्या खोलीतून पाहत होती. थेंबाच्या एकाही विनोदावर कुणी हसले नाही. दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले, थेंब मालिकेतून बाहेर! आज दुपारी मावशीने त्याच्या निरोपाची वाक्ये रेकॉर्ड करायची होती.

स्वयंपाकघरातून तिचा सराव ऐकू येत होता. “येतो मी, महामेघा. सांभाळून राहा.” पण थेंबाचा आवाज काही लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा घसा खाकरत होती.

भिंगरी दारात जाऊन उभी राहिली. “मावशी, ‘मी सगळं पाहतोय’ असं महामेघ म्हणतो ना, त्यावर थेंब काय म्हणतो गं?”

मावशीने हातातला चमचा खाली ठेवला आणि क्षणात थेंब होऊन किंचाळली, “मग जरा खालीपण बघा की! माझ्या पायावर उभे आहात!”

बटाट्या खो खो हसत सुटला आणि हसता हसता दाराशीच बसला. “हे कुठं होतं? काल नव्हतंच हे!”

“असं कसं होईल? मी ऐकलं, दिग्दर्शकांनी ऐकलं.”

“मग तू विचारलं का नाहीस रे, शहाण्या?” लांबूने दटावले.

“मध्ये बोलायचं नाही, असं सांगितलं होतं आम्हाला! मला वाटलं, थेंब महामेघाच्या कानात कुजबुजतोय!”

मावशीने झटकन गॅस बंद केला. मग म्हणाली, “चपला घाला. पण तिथे धुडगूस घालायचा नाही!”

“नाही घालणार! भिंगरीची शपथ!” लांबू म्हणाला.

“माझी कशाला? स्वतःची घे की!”

स्टुडिओच्या दारातच कॉफीचा कप हातात घेतलेले दिग्दर्शक भेटले. भिंगरीने धीर करून सांगितले, “काका, काल मुलांना थेंबाचा आवाजच आला नाही!”

“काहीतरीच! प्रत्येक शब्द मी या कानांनी ऐकलाय. पोरांना तो आवडला नाही, एवढंच.” मावशीकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, “वाईट मलाही वाटतंय हो. चला, आटपून टाकू.”

मावशी आवाज लावायला रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली आणि तिघे गुपचूप काल भाग दाखवलेल्या खोलीत शिरले. बुटक्या खुर्च्यांच्या रांगा, समोर पडदा आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे स्पीकर. उजव्या स्पीकरवर हिरवा दिवा लुकलुकत होता. डाव्यावर काहीच नव्हते!

लांबू वायरीच्या मागे रांगत गेला. “अगं, इकडे बघ! याची पिन काढून ठेवलीये, आणि तिच्या जागी कॉफीच्या किटलीची पिन! थांब, जोडतो.”

“हात लावू नकोस!” भिंगरीने त्याचे मनगट धरले. “आत्ता जोडलीस, तर म्हणतील, जोडलेलीच होती.”

“पण मग दिग्दर्शक काकांनी कसं ऐकलं?”

काचेच्या खोलीत ध्वनिमुद्रक काका हेडफोन पुसून खुंटीला अडकवत होते. भिंगरीने त्यांना विचारले, “काका, यात आवाज कुठून येतो?”

“थेट यंत्रातून, बेटा. काल आम्ही सगळ्यांनी यातूनच ऐकलं. बाहेरचं काही यात येत नाही.”

“मग बाहेर मुलांना काय ऐकू येतं, ते कोण ऐकतं?”

काकांचा पुसता हात थांबला. त्यांनी काचेतून डाव्या स्पीकरकडे पाहिले. “कुणीच नाही,” ते हळूच म्हणाले. “थेंब नेहमी महामेघाच्या डाव्या हाताला असतो, म्हणून त्याचा आवाज आम्ही फक्त डावीकडून सोडतो. आता साहेबांना सांगून पटायचं नाही. त्यांना त्या खुर्चीत बसवा. पुढचं मी बघतो.”

थोड्याच वेळात लांबू बोंबलत बाहेर धावला, “काका, लवकर या! बटाट्या खुर्च्यांखालून बाहेरच येत नाहीये!”

“महामेघ बघितल्याशिवाय मी निघणार नाही!” आतून हट्टी आवाज आला. “आणि काका शेजारी बसले तरच!”

“काय ताप आहे!” म्हणत दिग्दर्शक बुटक्या खुर्चीत कसेबसे मावले. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. पडदा उजळला. महामेघ गरजला, “मी सगळं पाहतोय!” आणि थेंबाने मासोळीसारखे तोंड हलवले.

“अहो, आवाज?” दिग्दर्शक काचेच्या खोलीत धावले आणि हेडफोन कानाला लावला. थेंब बोलत होता! ते बाहेर आले. थेंब गप्प! पुन्हा आत, पुन्हा बाहेर!

भिंगरीने किटलीकडे बोट दाखवले.

दिग्दर्शकांचा चेहरा पडला. “ही तर माझी किटली,” ते पुटपुटले. स्वतः वाकून त्यांनी पिन जोडली आणि ते थेट मावशीकडे गेले. “तुमच्यावर अन्याय होता होता राहिला. ते निरोपाचे कागद फाडून टाका. उद्या मुलांना परत बोलावू या.”

दुसऱ्या दिवशी खोली मुलांनी भरली. या खेपेला दिग्दर्शक त्यांच्यातच बसले. मावशी मात्र काचेमागे होती, कानांवर हेडफोन, हातांच्या मुठी वळलेल्या. थेंब किंचाळला, “माझ्या पायावर उभे आहात!” काचेपलीकडे तोंडे उघडली, कुणी मांड्या बडवल्या, कुणी शेजाऱ्याच्या अंगावर कोसळले. हेडफोनमध्ये यातले काहीही येत नव्हते. मावशीने तो काढला आणि दार उघडले. हसण्याचा लोंढा आत आला. इतकी वर्षे बंद खोलीत बोललेल्या मावशीला आपल्या थेंबासाठी खोलीभर उसळलेले हसू आज पहिल्यांदा ऐकू येत होते.

भाग संपल्यावर दिग्दर्शकांनी तिघांना पुढे बोलावले. “या पोरांनी आमचे कान उघडले. आता दर खेपेला आमच्यातला एक जण मुलांमध्ये बसेल!”

“शाब्बास रे वाघांनो!” ध्वनिमुद्रक काकांनी लांबूची आणि भिंगरीची पाठ थोपटली.

बटाट्याने मावशीचा पदर ओढला. “आणि मी? मी तर काल नुसतं तोंड हलवलं होतं!”

“म्हणून तर सगळं कळलं, राजा!” म्हणत मावशीने त्याला उचलून घेतले, आणि तेही अगदी थेंबाच्या आवाजात!